वयाचा रकाना

सरकारी नमुन्यांत जेवढे म्हणून रकाने असतात, त्या सर्वांत वयाचा रकाना मला पुष्कळ वर्षे अगदी निरुपद्रवी वाटत आला होता. नावाच्या रकान्यात शुद्धलेखनाचे वाद उद्भवतात. कायमच्या पत्त्यापाशी आपल्यासारख्या बदलीच्या माणसाची लेखणी क्षणभर थांबतेच. उत्पन्नाच्या रकान्याविषयी तर न बोललेलेच बरे. वयाचे तसे नाही. दोन आकडे लिहायचे आणि पुढे सरकायचे. त्या दोन आकड्यांवर एखाद्याचे बरेवाईट टांगलेले असू शकते, हे माझ्या ध्यानात येण्यासाठी मला फिरोजाबादेतील एक रात्र पाहावी लागली.

वास्तविक हे मला आधीच कळायला हवे होते. कारण माझे स्वतःचेच वय खोटे आहे. आपल्याकडे माझ्या आणि माझ्या आधीच्या पिढीतील असंख्य माणसांचा जन्म १ जून रोजी झालेला आहे. निसर्गात असे घडत नाही, शाळेत घडते. जून महिन्यात शाळा उघडे, बाप मुलाला दंडाला धरून आणी, जन्मतारीख विचारली म्हणजे डोके खाजवी आणि गुरुजी स्वतःच्या अधिकारात १ जून लिहून टाकीत. उत्तरेत नोकरीला आलो तेव्हा पाहिले की, इकडे हाच सामुदायिक जन्मोत्सव १ जुलैला होतो. कारण इकडच्या शाळा महिनाभर उशिरा उघडत. देशाचे ऐक्य असे कोठे कोठे दृष्टीस पडते!

माझी आई म्हणते की, पानशेतच्या पुरानंतरच्या चौथ्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या पहाटे, आंघोळीचे पाणी तापत असताना माझा जन्म झाला. हे घडले आजोळी, मावळातील एका खेड्यात. त्यामुळे कागद कोठलाच नाही. पूर आला १९६१ साली. म्हणजे माझा जन्म १९६४ च्या दिवाळीतला. गुरुजींनी मला वेळेवर पहिलीत घेता यावे म्हणून १ जून १९६४ लिहिले आणि पाच महिने पदरचे घातले. त्यांचा तो उपकार मला ३१ मे २०२४ रोजी फेडावा लागला. महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, हा नियम वाचकांपैकी बहुतेकांना पाठ असेल. आईच्या हिशेबाने मी साठीला पोचलोच नव्हतो. तरीही सहा महिन्यांच्या पगारापलीकडे माझे काहीच बिघडले नाही. चुकीच्या वयाची किंमत कोणाला किती पडते, हे तो माणूस रकान्याच्या कोणत्या बाजूला उभा आहे त्यावर अवलंबून असते.

कायद्याला रेघ ओढावीच लागते. मुलांच्या मजुरीविषयी आपल्या देशात पहिली रेघ १८८१ साली ओढली गेली. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि १०० किंवा अधिक माणसे असणाऱ्या कारखान्यात ७ वर्षांखालील मूल घेऊ नये, आणि ७ ते १२ वर्षांच्या मुलाकडून दिवसाला ९ तासांहून अधिक काम घेऊ नये, असे त्या कायद्याने सांगितले. नऊ तास! आणि ही त्या काळची दया. या दयेमागे मुंबईच्या सोराबजी शापुरजी बंगाल्यांसारख्या गृहस्थांची कळकळ होती, तशीच मुंबईच्या गिरण्यांशी स्पर्धा करावी लागणाऱ्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची चिंताही होती. पुण्यकर्मात कोणाचा किती वाटा, हे वेगळे काढणे कठीणच असते. पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणीकामगारांची गाऱ्हाणी वेशीवर टांगली, आणि १८९१ च्या कायद्याने ती रेघ ९ वर्षांवर नेली. १९२२ साली ती १२ वर आली; १९४८ साली, स्वतंत्र भारताच्या कारखाने कायद्यात, १४ वर. मी एकदा सहज हिशेब केला. १८८१ पासून १९४८ पर्यंत ६७ वर्षे झाली, आणि तेवढ्या काळात कायद्याचे मूल अवघ्या ७ वर्षांनी मोठे झाले!

१९४८ चा तो कायदा मात्र विचारपूर्वक केलेला होता. १४ वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाला कारखान्यात काम नाही म्हणजे नाही. १४ पूर्ण आणि १५ अपूर्ण, असे जे असेल ते मूल. त्याला दिवसाला साडेचार तास, आणि रात्री १० ते सकाळी ६ काम नाही. १५ पासून १८ पर्यंतचा तो किशोर. या दोघांनाही डॉक्टरचा दाखला हवा, तो दर वर्षी नवा व्हायला हवा, आणि त्या दाखल्याचा क्रमांक असलेला बिल्ला कामाच्या वेळी अंगावर हवा. दाखल्याचे शुल्क मालकाने भरायचे. मुलाकडून वा आईबापांकडून ते वसूल करायचे नाही. एवढेच नव्हे, तर कोठल्या प्रकारच्या जागी हे पोर काम करणार आहे, हे ठाऊक असल्याखेरीज डॉक्टरने दाखलाच द्यायचा नाही. हा कायदा आता उरलेला नाही. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि तो तिच्या पोटात गेला. पण मी सांगतो आहे ती गोष्ट १९९७ ची, आणि तेव्हा तोच कायदा होता.

१० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मेहता विरुद्ध तामिळनाडू या खटल्यात निकाल दिला. खटला शिवकाशीच्या फटाक्या-काड्यापेट्यांतून निघाला होता. पण न्यायालयाने त्यासह नऊ उद्योगांची नावे घेतली. शिवकाशीच्या काड्यापेट्या, सुरतेचे हिरे, जयपूरचे खडे, मुरादाबादची पितळी भांडी, मिर्झापूर-भदोहीचे गालिचे, अलीगढची कुलपे, मरकापूर आणि मंदसौरच्या पाट्या, आणि फिरोजाबादची काच. या उद्योगांत १४ वर्षांखालचे मूल सापडले तर मालकाने त्याच्या नावे २०,००० रुपये भरायचे. सरकारने त्या घरातील एका मोठ्या माणसाला काम द्यायचे, ते जमले नाही तर ५,००० रुपये त्यात घालायचे. त्या रकमेचे व्याज, मूल शाळेत जात असेतोवर, घरच्यांना मिळायचे. आणि अशी मुले किती आहेत याची पाहणी सहा महिन्यांत पुरी करायची.

त्या वेळी मी फिरोजाबाद जिल्ह्यात एका उपविभागाचा अधिकारी होतो. आग्र्याच्या पूर्वेस दीड तासावर हे गाव. १९८९ मध्ये तो स्वतंत्र जिल्हा झाला. आपल्या लेकीसुनांच्या हातांतील काचेच्या बांगड्यांशी या गावाचे नाते असेल, ही कल्पना मला तेथे जाईपर्यंत नव्हती. बांगडी म्हणजे कासाराच्या दुकानात, उदबत्तीच्या वासात, आपोआप पिकणारी वस्तू, अशीच माझी समजूत होती. तेथे पाहिले. भट्टीतून वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी सळईच्या टोकावर काढायचा. तो निवण्यापूर्वी पळत पुढच्या माणसाकडे पोचवायचा. तेथे त्याची तार ओढून फिरत्या बेलनावर गुंडाळायची. स्प्रिंगसारखे जे वेटोळे तयार होते, त्याला उभा छेद दिला म्हणजे उघड्या तोंडाची कडी सुटतात. त्यांचे सुतळीने बांधलेले ‘तोडे’ गल्लीबोळांतील घरांत जातात. तेथे ज्योतीवर धरून आधी ‘सधाई’ होते, म्हणजे दोन्ही टोके एका पातळीत आणली जातात. मग ‘जुडाई’, म्हणजे ती टोके वितळवून एकमेकांना चिकटवणे. ज्योत हलू नये म्हणून खोलीत पंखा नाही, खिडकी बंद. मे महिन्यात, आग्र्याच्या उन्हाळ्यात. बांगडीवरून नख फिरवले तर एका ठिकाणी बारीकसा उंचवटा लागतो. तो या जुडाईचा.

पाहणीसाठी आमच्या तुकड्या दिवसा जात आणि कारखाने एखाद्या आश्रमासारखे शांत व शिस्तशीर दिसत. मूल म्हणून औषधाला सापडत नसे. माझ्याबरोबर कामगार खात्याचे एक वयस्क निरीक्षक असत. नाकावर चष्मा, हातात कापडी पिशवी, बोलणे मोजके. ते एकदा म्हणाले, “साहब, दिन में तो हम आते हैं. भट्टी रात को भी जलती है.” काचेची भट्टी विझवता येत नाही, हे खरेच. एका रात्री साडेअकरा वाजता आम्ही न कळवता एका कारखान्यात गेलो.

भट्टीच्या तोंडांतून येणाऱ्या तांबड्या उजेडात पंधरावीस सळया इकडून तिकडे धावत होत्या, आणि त्यांतील तीन-चार सळयांची माणसे सळईपेक्षा फारशी उंच नव्हती. आरडाओरडा झाला, पळापळ झाली. एक मुलगा मात्र पळाला नाही. त्याच्या सळईवर गोळा होता. तो टाकून पळावे हे त्याच्या मनात आले नसावे. त्याने तो नेमून दिलेल्या माणसाकडे पोचवला, सळई भिंतीला टेकवली आणि मग तो आमच्यापुढे येऊन उभा राहिला. पायांत चपला नव्हत्या. गळ्यात बिल्ला नव्हता, ताईत होता.

मी नमुना काढला. नाव, बापाचे नाव, मोहल्ला. मग वय.

“कितने साल के हो?”

त्याने मुनीमाकडे पाहिले, मग माझ्या हातातील लेखणीकडे. म्हणाला, “जितने आप लिख दें, साहब.”

मला प्रथम तो उद्धटपणा वाटला. दुसऱ्याच क्षणी कळले की, तसे काही नाही. वय ही लिहिणाऱ्याने ठरवायची गोष्ट आहे, असे तो प्रामाणिकपणे मानीत होता. माझ्या गुरुजींना तो पटला असता.

मुनीमाने सांगितले, “पंद्रह पूरे.” बाप त्याच कारखान्यात होता, तोही खाली मान घालून म्हणाला, “पंद्रह होगा.” शिधापत्रिका मागवली. तीत त्याचे वय १० होते, पण त्याच्या धाकट्या बहिणीचेही १० च होते. शाळेचा दाखला नव्हता, शाळाच नव्हती. माझ्या डोळ्यांना तो बारा-तेराचा दिसत होता. पण माझे डोळे म्हणजे पुरावा नव्हे, असे मला वाटले. आणि येथेच मी घसरलो. वयाविषयी वाद पडल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावे, ही तरतूद १९८६ च्या बालमजूर कायद्यात होती. मी तिचा आधार घेतला आणि मोठ्या तत्परतेने मुलाला तपासणीसाठी पाठवून दिले.

आठवड्याने अहवाल आला. दुसऱ्या दाढा चारी बाजूंस आलेल्या, अक्कलदाढा नाहीत, कोपर आणि मनगट यांची क्ष-किरण छायाचित्रे सोबत. निष्कर्ष: वय १४ हून अधिक, १६ हून कमी. डॉक्टर सज्जन होते. मी दूरध्वनी केला तेव्हा त्यांनी स्वच्छ सांगितले की, हाडांवरून काढलेल्या वयात दोन वर्षे इकडे, दोन वर्षे तिकडे धरायची असतात. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही जयमाला प्रकरणात हेच म्हटलेले आहे. म्हणजे तो मुलगा १२ चा असू शकत होता आणि १८ चाही. शिवाय उपाशी मुलाची हाडे मागे रेंगाळतात, हे त्यांनी वर सांगितले. सरकारी खर्चाने एवढे ज्ञान झाले.

मुलाचे तोंड उघडून वय ठरवण्याची ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडात १८३३ च्या कायद्याने ९ वर्षांखालील मुलांना कापडगिरण्यांत बंदी केली. तेथेही जन्माच्या नोंदी नव्हत्या, म्हणून डॉक्टरने मुलाकडे पाहून दाखला द्यावा असे ठरले. मग १८३७ साली एडविन सॉन्डर्स नावाच्या तरुण दंतवैद्याने पुस्तिका लिहिली की, उंचीपेक्षा दात अधिक खरे बोलतात. गिरणीतील मुलांचे वय दातांवरून ठरवावे. हे गृहस्थ पुढे व्हिक्टोरिया राणीचे दंतवैद्य झाले आणि त्यांना ‘सर’ हा किताबही मिळाला. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण मला मात्र आमच्याकडचा बैलांचा बाजार आठवला. दोनदाती, चारदाती, सहादाती. गिऱ्हाईक बैलाचा ओठ वर करते आणि किंमत ठरते. बैलाला वय विचारता येत नाही म्हणून तसे करतात. येथे तर बोलणारी माणसे होती, त्यांतील काहींना विचारलेही होते. आणि तरी मी ओठच वर केला.

मी रकान्यात ‘१४ वर्षे पूर्ण’ असे लिहिले. खाली सही केली. अहवालाच्या आधारावर लिहिलेले ते वाक्य कोणत्याही चौकशीत टिकले असते, आणि खरे सांगायचे तर, लिहिताना माझ्या मनात मुलापेक्षा ती चौकशीच अधिक होती. आपल्या नोकरीत हा एक रोग जडतो. वाचक क्षमा करतील. त्या सहीने तो मुलगा न्यायालयाच्या योजनेतून बाहेर पडला. २०,००० रुपये नाहीत, शाळा नाही, घरातील मोठ्या माणसाला काम नाही. वय १५ धरले तरी रात्री साडेअकराला तो भट्टीवर असणे हा गुन्हा होताच; त्याबद्दल खटला भरला गेला, आणि त्याचा निकाल लागण्यापूर्वी माझी बदली झाली.

त्या संध्याकाळी चहा घेताना वृद्ध निरीक्षक म्हणाले, “साहब, डॉक्टरी की क्या जरूरत थी? एक सौ चार तो है.”

मी कायद्याचे पुस्तक उघडले. १९४८ च्या कायद्याचे १०४ वे कलम. एखादी व्यक्ती ठरावीक वयाखालची असेल तर जे कृत्य गुन्हा ठरते, त्या बाबतीत ती व्यक्ती प्रथमदर्शनी त्या वयाखालची आहे असे न्यायालयाला वाटले, तर ती तशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर. म्हणजे मालकावर! मी ते कलम दोनदा वाचले. मग ७० वे वाचले: ज्या किशोराला मोठ्या माणसासारखे काम करण्यास योग्य असल्याचा दाखला नाही, तो, त्याचे वय काहीही असो, या कायद्यापुरता मूलच समजावा.

कायदा करणाऱ्यांना या देशातील वयाच्या रकान्याची पुरती ओळख होती. गावोगावच्या गुरुजींना, १ जूनला आणि १ जुलैला ते ओळखत होते. म्हणूनच त्यांनी मुलाला वय विचारले नव्हते. त्यांनी मालकाला कागद विचारला होता. कागद नसेल तर मूल ते मूलच; आणि दिसायला लहान असेल तर ते मोठे आहे हे तू सिद्ध कर. कारखान्यात त्या रात्री मी विचारायचा प्रश्न एकच होता, आणि तो मुनीमाला विचारायचा होता: दाखला कोठे आहे? त्याऐवजी मी पोराला वय विचारले, त्याच्या दाढा मोजायला लावल्या, आणि जो पुरावा मालकाला स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या जोखमीवर उभा करावा लागला असता, तो सरकारी खर्चाने त्याच्या हाती ठेवला. त्याच्या वकिलाने त्या अहवालाची प्रमाणित नक्कल दुसऱ्याच दिवशी घेतली.

“हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?” असे मी माझ्या मराठी वळणाच्या हिंदीत निरीक्षकांना विचारले. त्यांनी कप खाली ठेवला आणि अत्यंत आदराने उत्तर दिले, “हुजूर ने पूछा कहाँ!”

त्यानंतर कायदे पुष्कळ पुढे गेले. २००६ साली घरकाम आणि उपाहारगृहे मुलांना बंद झाली. केंद्र सरकारच्या नोकरांच्या वर्तणूक नियमांतच, १४ वर्षांखालील मुलाला कामाला ठेवू नये, असे कलम आले. ते आले याचा अर्थ ते आणण्याची गरज होती, असा होतो. आपापल्या बंगल्यांची आठवण वाचकांनी आपापली काढावी. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलाला सर्वच कामांत मनाई केली आणि १४ ते १८ च्या किशोराला खाणी, ज्वालाग्राही पदार्थ, स्फोटके व धोकादायक प्रक्रिया यांपासून दूर ठेवले. शाळेनंतर वा सुट्टीत, धोकादायक नसलेल्या घरच्या धंद्यात मदत करण्यास मोकळीक राहिली. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यातील एक वाक्य मला विशेष आवडते: वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून तर जन्माचा दाखला हाच वयाचा मुख्य कागद झाला आहे. गुरुजींच्या हातून ती सत्ता गेली. त्यानंतर जन्मलेल्या पोरांच्या दाढा कोणाला मोजाव्या लागू नयेत.

घरी सौभाग्यवतीला मी ही सर्व हकीकत सांगितली तेव्हा तिने एकच विचारले, “अहो, त्याच्या आईला विचारलंत का?” मी तिला नमुन्याची रचना समजावून देऊ लागलो. नमुन्यात बापाच्या नावाचा रकाना होता, आईचा नव्हता. “नमुन्यात नसेल,” ती म्हणाली, “पण घरात असेल ना?”

म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्या मोहल्ल्यात गेलो. बरोबर निरीक्षक होते. अरुंद गल्ली, उघडे गटार, दारादारांत बांगड्यांचे तोडे रचलेले. तिचे घर म्हणजे एक खोली. खिडकी बंद. ती आणि तिच्या दोन मुली ज्योतीपुढे बसून जुडाई करीत होत्या. धाकटी, शिधापत्रिकेवरची दहा वर्षांची, सहा-सात वर्षांची असावी. मी तिच्याकडे पाहतो आहे असे दिसताच निरीक्षक हळूच म्हणाले, “घर का काम है, साहब. इसकी छूट है.” १९८६ च्या कायद्यात घरच्या माणसांच्या मदतीने चालणाऱ्या कामाला सूट होती, हे खरे. माल मात्र घरचा नव्हता. भट्टीवाल्याचा होता, आणि मोजून येत होता व मोजून जात होता.

मुलगा झोपलेला होता. रात्रपाळी करून आल्यासारखा, भिंतीकडे तोंड करून.

मी विचारले की, याचा जन्म कधीचा? तिला विचार करावा लागला नाही. ज्या वर्षी इंदिराजी गेल्या, त्या थंडीत तो रांगत होता, ती म्हणाली; टोपलीत ठेवला तर बाहेर पडे, म्हणून त्या गडबडीच्या दिवसांत तिने त्याच्या पायाला साडीचा काठ बांधून ठेवला होता. मी उभ्या उभ्या हिशेब केला. १९८४ च्या थंडीत रांगता. म्हणजे त्या वसंतात केव्हातरी जन्मलेला. तेरा पूर्ण, चौदा नव्हेत. पानशेतच्या पुरापासून दिवाळ्या मोजणाऱ्या माझ्या आईइतकाच तिचा हिशेब पक्का होता. कोणी विचारलेच नव्हते.

तिने माझ्यासाठी बाज झटकली, पाणी आणले. मग ज्योत बारीक करून म्हणाली, “तो साहब, आपने क्या लिखा?”

मी सांगितले, “चौदह.”

ती थोडी हसली. बरे झाले, असे काहीसे म्हणाली. मग मुलाकडे पाहत, आवाज खाली आणून, तिने विचारले, “चौदह का लिख दिया है, तो अब मजूरी पूरी मिलेगी?”

निरीक्षक गल्लीकडे पाहू लागले. मी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.